घारापुरी: लेणी तीनदा बघून झाली, उरलेलं बेट कसं फिरायचं?

खारवडी (धागाकर्ती):
घारापुरीला मी आजवर तीनदा गेले. शाळेच्या सहलीतून, कॉलेजच्या ग्रुपबरोबर आणि लग्नानंतर सासरच्या पाहुण्यांना दाखवायला. तिन्ही वेळा अगदी तेच. गेटवेची रांग, तासभर बोट, धक्क्यावर टॉय ट्रेन की पायी यावर घरच्यांचा वाद, सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं, महेशमूर्तीसमोर फोटो, तिखटमीठ लावलेली काकडी, आणि परत.

मागच्या महिन्यात अटल सेतूवरून उरणला जात होतो. उजव्या हाताला पाण्यात एक बेट दिसलं. दोन टेकड्या, मधे खळगा, खालपासून वरपर्यंत झाडी. नवऱ्याने विचारलं, हे कुठलं गं? मी ठोकून दिलं, करंजाची बाजू असेल. घरी येऊन नकाशा उघडला तर घारापुरी! तीनदा पाय लावलेलं बेट मला ओळखता आलं नाही, कारण मी बघितला होता एका टेकडीचा एक कोपरा.

तर आता लेण्यांसाठी नाही, बेटासाठी जायचं आहे. बरोबर बाबा असतील. वय ६८, गुडघे ठीक, पण चढ आला की "तुम्ही व्हा पुढे" म्हणतात. त्यांनी सगळी नोकरी भाऊच्या धक्क्याजवळ एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिण्यात काढली. हे बेट रोज समोर दिसायचं, गेले मात्र कधीच नाहीत.

विचारायचं आहे ते असं. बेटाला किनाऱ्याने पूर्ण फेरी मारता येते का? जंगलातल्या वाटा कळण्यासारख्या आहेत का? आणि कोणत्या महिन्यात जावं?

उरणचा_गडी:
माझी आत्या मोराबंदरला दिलेली, त्यामुळे हा धागा माझाच समजा.

आधी एक. बेटावर तीन गावं आहेत. तुम्ही उतरता ते शेतबंदर, दक्षिणेला राजबंदर आणि ईशान्येला मोराबंदर. आमच्या उरणचा मोरा धक्का वेगळा, हे मोराबंदर वेगळं. ग्रामपंचायत घारापुरीच, तालुका उरण, जिल्हा रायगड. मुंबईची माणसं "आमचं एलिफंटा" म्हणतात तेव्हा गंमत वाटते.

पूर्ण फेरीचं डोक्यातून काढून टाका. बेट लांबीला जेमतेम अडीच किलोमीटर, त्यामुळे कागदावर सोपं दिसतं. पण किनाऱ्याचा बराच भाग तिवरांचा (म्हणजे खारफुटीचा) आणि चिखलाचा आहे. त्यात एकदा पोटरीपर्यंत पाय गेला की चप्पल समुद्राची. त्यापेक्षा दोन फांद्या धरा. धक्क्यावरून आत आलात की सगळे सरळ पायऱ्यांकडे वळतात, तुम्ही वळू नका. डाव्या हाताने पूर्वेकडे गेलात की मोराबंदर. मधे झाडी दाट आहे, सावली भरपूर. रमत गेलात तरी पाऊण तासात गाव येतं. दुसरी फांदी राजबंदरची. कुठेही शंका आली तर विचारा, वाटेत कुणी ना कुणी भेटतंच.

महिना डिसेंबर-जानेवारी. एप्रिल-मेमध्ये ऊन आणि पाणीटंचाई. पाण्याचं मुद्दाम सांगतो. बेटाची भिस्त पावसावर, विहिरींवर आणि छोट्या धरणावर. उन्हाळ्यात आत्या हंड्यांचा हिशेब ठेवायची. म्हणून आपापलं पाणी घेऊन जा, गावात बाटली पुढे करून "जरा भरून द्या" करू नका. देतील, नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच सांगतोय.

पाऊणकी:
बेटावर जायचं तर आधी भरती-ओहोटी बघा. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण आमच्या आजोबांचा हिशेब तोंडी होता: तिथीला पाऊणने गुणा, मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना चालतं. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी.

तुम्हाला चिखलातली गंमत बघायची असेल तर दुपारी ओहोटी हवी. म्हणजे दशमी-एकादशी धरा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पण भरती ऐन दुपारी येते, त्यामुळे तुम्ही बेटावर असताना तिवरांच्या बुंध्यांना पाणी लागलेलं दिसेल. तेही वाईट नाही.

शंकासूर:
पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. प्रत्यक्षात बारा वाजून जातात. गणित फसलं.

पाऊणकी:
आजोबा होडी घेऊन निघायचे, रॉकेट सोडायला नाही.

झाडपाला:
शिर्षकात "उरलेलं बेट" बघूनच आत आलो. बहुतेक लोक टॉय ट्रेनमधून तिवरांकडे बघतात आणि "किती घाण चिखल" म्हणतात. त्याच चिखलावर पाच मिनिटं नजर स्थिर ठेवा. आधी काही दिसत नाही. मग चिखलाचाच एक तुकडा उडी मारतो. त्या निवट्या. मासा असून पाण्याबाहेर पंखांवर सरपटतात, डोळे डोक्यावर बेडकासारखे. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पंख शिडासारखा ताठ उभा करतात. त्यांच्याभोवती एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे, ती नांगी वरखाली हलवत कुणाला तरी बोलावत असल्यासारखे.

तिवर ओळखायचं तर जमिनीकडे बघा. चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी मुळं वर आलेली असतात, झाड त्यांनी श्वास घेतं. मग एखादं पान बोटाने पुसा आणि बोट जिभेला लावा. खारट! झाड जास्तीचं मीठ पानावाटे बाहेर टाकतं. मुलांना हे एकदा करून दाखवलं की ती पुढच्या प्रत्येक झाडाला चाटत सुटतात, हा स्वानुभव. कांदळ वेगळा, त्याची मुळं खोडातून कमानीसारखी खाली उतरतात, आणि बी झाडावर असतानाच रुजून शेंगेसारखं लोंबतं. मग सुटून थेट चिखलात घुसतं.

अवांतर: ऑगस्ट २०१०मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली होती, आठवतंय का? तेलाचा तवंग इथल्या तिवरांपर्यंत आला होता. मी त्या दिवाळीत गेलो होतो. मुळांवर हाताच्या वितीएवढ्या उंचीपर्यंत काळी रेघ होती, सगळ्या झाडांवर एका पातळीत, जणू कुणी दोरी लावून आखली. आता ती रेघ दिसत नाही. प्लास्टिक मात्र दिसतं. ते बेटावरच्या लोकांचं कमी आणि भरतीबरोबर मुंबईहून येणारं जास्त, हे बोलायच्या आधी लक्षात ठेवावं.

चिकित्सक_काका:
सगळं वाचलं. पण खरं सांगा, जंगलच बघायचं तर कर्नाळा आहे, येऊर आहे, राष्ट्रीय उद्यान आहे. बोटीला माणशी अडीचशेच्या वर द्यायचे आणि चिखलातले मासे बघायचे? घारापुरीला लेणी सोडून जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन नुसता बाजार करून येणं.

झाडपाला:
काका, पंढरपूरचा बाजारही बघण्यासारखा आहे की. चुरमुरे, बुक्का, अष्टगंध!

कर्नाळ्यात समुद्र नाही. इथे डावीकडे रान आणि उजवीकडे खाडी, मधून तुम्ही. करंज, चिंच, आंबा, ताड, आणि वर ब्राह्मणी घार. विटकरी अंग, पांढरं डोकं. ती तिवरांवरून खाली येते तेव्हा पाठ वरून दिसते, कारण तुम्ही टेकडीवर असता. घारीची पाठ कर्नाळ्यात दाखवा.

दगडधोंडा:
लेणी सोडा म्हणताय, पण टेकड्या सोडू नका.

पश्चिमेच्या टेकडीवर तोफा आहेत. लेण्यांच्या आवारापासून वर वाट जाते, वीसेक मिनिटांचा चढ. तोफ चांगली लांबलचक, लोखंडी, फिरत्या बैठकीवरची. आसपास दारूगोळ्यासाठी जमिनीखाली बांधलेल्या खोल्या. काहीजण "पोर्तुगीजांची तोफ" म्हणून सांगतात. बैठक बघितली की कळतं, ही बनावट इंग्रजांच्या काळातली, बंदराच्या रक्षणासाठी बसवलेली. वरून मुंबई बंदर नकाशासारखं उलगडतं: पश्चिमेला दक्षिण मुंबई, जवळच जवाहर द्वीप आणि तिथे लागलेली तेलवाहू जहाजं, पूर्वेला जेएनपीटी बंदराच्या क्रेन, आणि उत्तरेला आता अटल सेतू.

पूर्वेची टेकडी म्हणजे स्तूप टेकडी. ही जास्त उंच, १७३ मीटर, आणि इथे गर्दी शून्य. घळीपलीकडे सहावं लेणं आहे, सीताबाईचं देऊळ म्हणतात. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटी त्याचा चर्च म्हणून वापर झाला होता. त्यापुढे सातवं, म्हणजे कोरायला घेतलं आणि सोडून दिलं असं. अजून पुढे कोरडा पडलेला तलाव, काठाला खडकात खोदलेली बौद्ध टाकी. आणि सोंडेच्या टोकाला एक उंचवटा. मातीचा ढीग म्हणून लोक पुढे जातात. तो स्तूप आहे. महेशमूर्ती घडवली सहाव्या शतकात, त्याच्या कितीतरी आधी या बेटावर भिक्खू पावसाचं पाणी साठवत होते. उरणच्या गड्याने पाण्याचं लिहिलंय ना, ते वाचून मला ती टाकीच आठवली.

किनाऱ्यावर चालताना खापरं दिसली तर उचलू नका. या बेटावर रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडलेले आहेत. तुमच्या शोकेसमध्ये तो तुकडा नुसतं खापर असेल, जागेवर असेल तर पुरावा.

मिरचीभजी:
आणि हत्ती? एलिफंटाला हत्ती कुठेय असं माझा मुलगा दिवसभर विचारत होता.

दगडधोंडा:
हत्ती भायखळ्याला! अखंड दगडाचा हत्ती राजबंदरच्या बाजूला होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं. इंग्रजांनी १८६४मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आणून टाकले आणि १९१४मध्ये जोडून हत्ती पुन्हा उभा केला. आज भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. जवळून बघा, सांधे दिसतात.

मिरचीभजी:
म्हणजे हत्ती बघायला बेस्टची बस आणि नसलेला हत्ती बघायला बोट. कळलं.

वाटचुकार:
सावध करण्यासाठी माझी फजिती लिहितो.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं मित्र स्तूप टेकडीवर गेलो. पावसानंतरचं गवत छातीएवढं. जाताना वाट बरी दिसली. येताना तीन वाटा झाल्या, त्यातल्या दोन गुरांच्या. गुरांच्या वाटेचं असं असतं की ती छान मळलेली असते आणि कुठेच जात नाही. तासभर करवंदीच्या जाळ्यांत ओरखडे काढून घेतले, खाली उतरलो तेव्हा सहा वाजायला आलेले. शेवटची बोट साडेपाचच्या सुमारास गेली होती आणि पर्यटकांना रात्री बेटावर राहता येत नाही. गावातल्या एका होडीवाल्याने पलीकडे सोडलं. पैसे किती घेतले ते बायको हा धागा वाचते म्हणून लिहीत नाही.

तात्पर्य नाही, सूचना: स्तूप टेकडीवर जायचं तर गावातला एखादा मुलगा बरोबर घ्या, त्याला व्यवस्थित पैसे द्या, आणि तीन वाजता परत फिरा. गवतात सापही असतात, पायात बूट हवेत. आणि पायऱ्यांवरच्या माकडांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? माझ्या हातातली आंब्याच्या सरबताची बाटली एकाने घेतली, झाकण फिरवून काढलं, प्यायला, आणि रिकामी बाटली माझ्याच दिशेने टाकली.

खारवडी:
वाचनखूण साठवली आहे! सोमवारी लेणी बंद असतात, मग सोमवारी गर्दी टाळून गेलं तर?

उरणचा_गडी:
ताई, सोमवारी गेटवेवरून पर्यटकांच्या बोटी तिकडे जातच नाहीत. मंगळ ते शुक्र बघा. सकाळची पहिली, नऊच्या सुमाराची बोट पकडा. आणि बोटीत लाइफ जॅकेट घालायचं. १८ डिसेंबर २०२४ला या मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून जे झालं ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. बाबांना सांगा, उकडतं म्हणून काढायचं नाही.

खारवडी:
जाऊन आले. लांबण लागणार आहे, माफ करा.

पाऊणकींच्या हिशेबाने एकादशी निवडली. अकरा पाऊणे सव्वाआठ, म्हणजे आम्ही बोटीत बसेपर्यंत भरती उतरणीला आणि अडीचच्या आसपास ओहोटी. सगळं जुळवलं. बाबा दोन्ही एकादशा करतात हे तेवढं मी विसरले. त्याबद्दल पुढे येतंच.

धक्क्यावर उतरून दुकानांच्या आधीच डावीकडे वळलो. शंभर पावलांत आवाज बंद. खरंच बंद, म्हणजे मागे कुणाच्या तरी स्पीकरवरचं गाणं चाललं होतं ते झाडांत विरलं आणि वाळक्या पानांवर आमचेच पाय वाजायला लागले. वाट कधी झाडीत शिरते, कधी पाण्याच्या कडेला येते. एका चिंचेखाली बाबा बसले. समोर ताडांच्या रांगेच्या फटीतून जेएनपीटीच्या निळ्या-लाल क्रेन. एक डबे लादलेलं जहाज इतकं हळू सरकत होतं की झाडाच्या खोडाशी ताडून बघितल्यावरच ते हलतंय हे कळलं.

मोराबंदरला एका ओट्यावर बाई जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. बाबांनी विचारलं, मासळी धक्क्यावर जाते का? त्या म्हणाल्या, कुठल्या धक्क्यावर? बाबा म्हणाले, भाऊच्या. मग काय, बर्फाचे भाव, लाद्यांचे वजन, पूर्वी लादी कशी गोणपाटात यायची यावर अर्धा तास. मी पाण्याची बाटली हातात धरून उभी. विजेचा विषय निघाला. फेब्रुवारी २०१८मध्ये समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली, त्याआधी संध्याकाळचे तीन-साडेतीन तास जनरेटर. त्या बाई म्हणाल्या, "आधी फ्रीज घेतला. म्हटलं आता आपला बर्फ आपल्याकडं." बाबा इतके हसले की मला काळजी वाटली.

परत येताना खानावळीत थांबलो. तांदळाची गरम भाकरी, कोलंबीचं कालवण. वाफ बाबांच्या नाकाशी. त्यांनी पिशवीतून साबुदाण्याच्या खिचडीचा डबा काढला आणि माझ्या ताटाकडे न बघता खाल्ला. मधे एकदाच विचारलं, "कोलंबी सोलताना मधली काळी शीर काढलीय ना?"

तोफांच्या टेकडीला ते "तुम्ही व्हा पुढे" म्हणतील असं मी धरून चालले होते. तसं म्हणाले नाहीत. तीनदा थांबून, काठी टेकत, वीस मिनिटांच्या जागी पन्नास मिनिटांत पण वर आले. वर कॉलेजची मुलं तोफेवर घोडा करून बसली होती. बाबांनी तोफेकडे ढुंकून बघितलं नाही. पश्चिमेला तोंड करून उभे राहिले. धुरकट होतं. मग बोट लांब करून मला विचारायला लागले, ती कोणती इमारत, तिच्या डावीकडे काय. गोदीच्या क्रेन लागल्या, त्यावरून सरकत सरकत धक्क्यापर्यंत आले. कारखाना काही दिसला नाही, कधीच पाडलाय. पण जागा सापडली. म्हणाले, "आमच्या टेबलावरून ही टेकडी बरोबर खिडकीच्या मधोमध यायची. इथे झाडं आहेत हे तिथून कळायचं नाही."

घारीची पाठ बघितली. झाडपाला, मान्य. निवट्याही बघितल्या, उतरल्यावर धक्क्यापाशी, पाणी पार मागे गेलेलं होतं. पान चाटायला बाबांनी नकार दिला. उपवासाला समुद्राचं मीठ चालतं का, सैंधवच लागतं का, यावर त्यांचा निर्णय झाला नाही.

स्तूप टेकडी राहिली.

चिकित्सक_काका:
छान लिहिलंत. मी पंढरपूरचं वाक्य मागे घेतो. बोटीचे पैसे मात्र जास्तच आहेत.

पाऊणकी:
पुढच्या वेळी त्रयोदशी घ्या. तेरा पाऊणे पावणेदहा. बोट भरभरून पाण्यात निघेल, चार वाजता उतरलेलं पाणी, आणि कोलंबीला आडकाठी नाही.

शंकासूर:
त्रयोदशीला प्रदोष असतो. बाबांना आधी विचारून घ्या.

खारवडी:
विचारलं. तोही करतात.